नशमियानं पेला खाली ठेवला

या, या, असे आत या. ती उशी पाठीला घ्या. कहवा, म्हणजे आमची काळी कॉफी, कडू आहे, आधीच सांगतो. साखर मागू नका, लोक हसतील. आणि पितापिता ऐका, एका पेल्यापायी आमच्याकडे दवाखान्याची होडी कशी टिकली त्याची गोष्ट सांगतो. थोडा मीठमसाला माझा असेल, तेवढा चालवून घ्या.

तर नशमिया म्हणून एक नर्सबाई होती. जन्म इथलाच, या पाण्यातल्या बोरूच्या बेटांवरचा. नीट चालता यायच्या आधी तिला होडीत उभं राहता यायचं. पण लग्न होऊन शहरात गेली, नर्सिंग शिकली, आणि तीस वर्षं पक्क्या विटांच्या घरात राहिली. हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी माणूस विचारायचा, कधी टोचणार? जीभ मात्र हलकी नव्हती. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे.

शहरातल्या आरोग्याच्या ऑफिसनं ठरवलं, पाण्यातल्या वस्त्यांवरच्या पोटुशा बायकांसाठी आणि तान्ह्या लेकरांसाठी होडीतला दवाखाना काढायचा. महिन्याला एक फेरी. सहा फेऱ्या करून बघायच्या. बायका आल्या तर होडी कायमची, नाही आल्या तर ती दुसऱ्या कुठल्या तरी भागात पाठवायची. नशमियानं लगेच हात वर केला. माझी माणसं आहेत, मी जाते, म्हणली.

पाच फेऱ्या झाल्या. इशान सलमा नावाच्या बेटावर पाचही वेळा गर्दी. पण कुणाची? बाप्यांची! कार्यक्रम आया-बाळांचा, आणि रांगेत सगळे मिशाळ. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाला नुसतीच डॉक्टरच्या शेजारी बसायची हौस. अबू खय्यून म्हणून एक म्हातारा होता, तो एका सकाळीत चारदा बीपी मोजून घ्यायचा. "मघाशी मी रागात होतो, आता पुन्हा बघ," म्हणायचा.

बायका पाच फेऱ्यांत मिळून तीन. त्यातली एक नवऱ्याला जेवायला बोलवायला आली होती.

आता यात वस्तीचा प्रमुख शेख मुतश्शर, त्याला दोष द्यावा तर माणूस मोठ्या मनाचा. सरकारी पाहुणे येणार म्हणल्यावर त्यानं दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. "पाहुणे उघड्यावर बसणार? मग माझं मुधीफ कशाला आहे?" मुधीफ म्हणजे हे असं, आपण बसलोय तसलं, बोरूच्या मोळ्या वाकवून बांधलेलं पाहुणेघर. त्यानं सगळ्यात चांगल्या सतरंज्या अंथरल्या, होडीबरोबर आलेल्या डॉक्टर सिनानला मानाच्या जागी बसवलं, कहव्याचं भांडं चुलीवरून उतरू दिलं नाही. बाया येत नाहीत म्हणून नशमियानं तिसऱ्या फेरीला एका कोपऱ्यात पडदा लावला. पडदा छान होता, फुलाफुलांचा. त्याच्या आड अबू खय्यून जाऊन झोपला.

दर फेरीनंतर एक कागद भरायचा असायचा. त्यात एक रकाना, बायका कमी का आल्या? उत्तरं आधीच छापलेली, नुसती खूण करायची. नशमिया दर वेळी "बायकांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही" यावर खूण करायची. दुसरं काही छापलेलंच नव्हतं ना.

पाचव्या फेरीहून परत निघाले तेव्हा बोरूच्या आडोशाला तिला एक होडी दिसली. आत एक पोरगी उभी, सात-आठ महिन्यांची पोटुशी, म्हशींसाठी हिरवा चारा कापत होती. नशमियाची नजर तिच्या हातावर गेली. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. हिचं बीपी चढलंय हे नशमियाला कळायला मशीन लागलं नाही.

"ए पोरी! नाव काय तुझं?" तिनं हाक मारली.

"तिसवाहन!" ती ओरडली. आणि पुढे काय बोलली ते ऐकूच आलं नाही, कारण आमचा होडीवाला चासिब, त्यानं इंजिनाला जोर दिला होता. जपानी इंजिन, नवंकोरं. चासिबला ते बायकोपेक्षा प्यारं. नशमियानं थांब म्हणेस्तोवर बोरूची दोन वळणं मागे पडली होती.

त्या महिन्यात नशमियाला रोज त्या बांगड्या आठवायच्या. सहावी फेरी शेवटची. तीही फुकट गेली तर होडी जाणार, आणि ती पोरगी तशीच चारा कापत राहणार.

म्हणून फेरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं चासिबला सांगितलं, मला आजच सोड, तू सकाळी डॉक्टरला घेऊन ये. मुधीफकडे ती गेलीच नाही. बेटाच्या मागल्या अंगाला उतरली, तिथं शेखची आई, उम्म मुतश्शर, तिच्या म्हशींचा गोठा आणि चूल. सगळ्या वस्तीच्या बायका तिथंच भाकऱ्या भाजतात.

म्हातारीनं तिला जेवू घातलं, झोपायला गोधडी दिली आणि पहाटे पायानं ढोसून उठवलं.

"ऊठ, नर्सबाई. आमच्याकडे फुकट कुणी झोपत नाही. ही घे चरवी."

"मी?"

"मग काय म्हैस स्वतःचं दूध स्वतः काढते शहरात?"

नशमिया बसली. म्हशीनं मान वळवून तिचा वास घेतला, नाक फेंदारलं, आणि चार पावलं पलीकडे जाऊन उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. बायका पोट धरून हसायला लागल्या.

"औषधाचा वास येतो तुला, पोरी," म्हातारी म्हणली. "आणि गाणं कुठाय? मुक्यानं दूध मागतेस?"

तीस वर्षांत गाणं गेलं होतं. नशमियानं खाकरून सुरुवात केली, दोन ओळी आल्या, तिसरी अडली. शेजारून कुणीतरी ती उचलली. बघते तर तिसवाहन. पाय पसरून बसलेली, पाय केळीच्या बुंध्यासारखे सुजलेले, पण दूध काढायचा हात झरझर चाललेला. तिची म्हैस डोळे मिटून उभी.

"तू दवाखान्यात का येत नाहीस गं?" नशमियानं विचारलं.

पोरीनं म्हातारीकडे बघितलं. म्हातारी म्हणली, "सांग की. विचारतेय ना कुणीतरी."

"कुठल्या दवाखान्यात, खाला? मुधीफात? तिथं माझा सासरा बसतो, दीर बसतात. मी जन्मात त्या दारातून आत गेले नाही. आता पोट घेऊन जाऊ?"

"पडदा लावला होता मी."

"पडद्यापर्यंत जायचं कुठून? बाप्यांच्या गुडघ्यांवरून?"

पुन्हा हशा. नशमियाचे कान तापले. तिला आठवलं, ती स्वतःही लहानपणी कधी मुधीफात गेली नव्हती. दारापर्यंत भाकऱ्यांची परडी न्यायची आणि तिथूनच परत फिरायचं. नर्सचा कोट घातल्यापासून ती सरळ आत जायची, पाहुणी म्हणून, आणि विसरून गेली होती.

"बरं, तेही सोड," म्हातारी म्हणली. "तुझी होडी किती वाजता येते?"

"दहाला."

"दहाला. बघ आता तू इथंच बसून."

दूध निघालं, साईसाठी चुलीवर चढलं, गोवऱ्या थापून झाल्या. म्हशी पाण्यात उतरल्या, नुसती डोकी वर ठेवून सुखानं रवंथ करत पडल्या. बायका चाऱ्यासाठी होड्या सोडणार, तेवढ्यात लांबून आवाज आला. गर्रर्र. चासिब! ऊर पुढे काढून, पाणी दोन बाजूंना फाडत, जपानी इंजिनाच्या तालावर. आणि म्हशी उधळल्या. एक इकडे, एक तिकडे, शिंगं मागं टाकून बोरूत घुसल्या. तिसवाहन आपली म्हैस ज्या बाजूला गेली त्या बाजूला पोट सावरत होडी ढकलायला लागली.

"कळलं?" म्हातारी शांतपणे म्हणली. "तुमची होडी आली की आमचा अर्धा दिवस म्हशी गोळा करण्यात जातो. त्यांना घेऊन येतो तोवर तुम्ही कहवा पिऊन गेलेले असता."

नशमियाला हसावं की रडावं कळेना. आपण ज्यांच्यासाठी येतो, त्यांनाच दर महिन्याला आपणच पळवून लावत होतो.

"उम्म मुतश्शर, हे तुम्ही शेखला का नाही सांगितलं?"

म्हातारीनं भाकरीच्या पिठात हात घातला. "माझा पोरगा मानानं पाहुण्यांना बोलावतो. मी त्याला चारचौघांत सांगू, तुझा मान चुकतोय म्हणून? मी आई आहे, माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. तू पाहुणी आहेस." तांदळाच्या पिठाचा गोळा तिनं थापला. "पाहुण्याला मागता येतं."

नशमिया मुधीफाकडे निघाली. वाटेत ती एकदाच थांबली. कोटाला शेण लागलं होतं, ते पुसावं का म्हणून. नाही पुसलं.

आत नेहमीसारखी बैठक भरलेली. डॉक्टर सिनान मानाच्या जागी, गळ्यात नळी. अबू खय्यून बाही वर करून आधीच तयार. शेख मुतश्शर उठून उभा राहिला, "ये बहिणी, ये, आज उशीर?" कहवा ओतणाऱ्यानं पेला भरून तिच्या हातात दिला.

नशमियानं पेला घेतला. ओठांना लावला नाही. पुढ्यात, सतरंजीवर, हळूच ठेवला. आणि हात मांडीवर घेऊन बसली.

सगळ्या माना त्या पेल्याकडे वळल्या. आमच्याकडे पाहुण्यानं पेला खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय. शेखनं ते देईपर्यंत तो कहव्याला शिवत नाही. आणि शेखनं नाही म्हणलं तर पाहुणा तसाच उठून जातो, आणि गार झालेला तो पेला सगळ्या मुलखात सात पिढ्या सांगितला जातो. त्या मुधीफात पेला खाली ठेवलेला होता तो दोन घराण्यांचं वैर मिटवायला आलेल्यांनी, मुलगी मागायला आलेल्यांनी. बाईनं कधीच नाही.

डॉक्टर सिनान याच मुलखातल्या बसरा शहराचा, त्याला रीत ठाऊक होती. तो कुजबुजला, "नशमिया, काय करतेस? उचल तो पेला!"

"तुम्ही बीपी बघा डॉक्टर, माझं चाललंय ते चालू द्या."

शेखच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हती बहुतेक, पण नशमियाला त्या वेळी काय ठाऊक? तिच्या मनात एकच, हा नाही म्हणला तर होडी गेली आणि तिसवाहनही गेली.

"कहवा पी, बहिणी," शेख म्हणला, रीतीप्रमाणं.

"माझं काम झाल्यावर पिईन, शेख."

"सांग तुझं काम."

"तुमच्या पाहुणचारात काही कमी नाही. जेवढा मान आम्हाला या घरात मिळाला तेवढा कुठं मिळाला नाही. पण ज्यांच्यासाठी मी येते ती माणसं या दारातून आत येऊ शकत नाहीत, आणि त्यांनी यावं असं मीही म्हणत नाही. मला एवढंच पाहिजे, की या घराचा मान तुमच्या आईच्या चुलीपर्यंत पसरवा. दुपारी भाकरीच्या वेळी बायका तिथं जमतात. आमची होडी तिथं लागू दे. तिथंही आम्ही तुमचेच पाहुणे. आणि वस्तीच्या अलीकडेच इंजिन बंद. बांबूनं ढकलत येऊ."

"बांबूनं?" दारातून चासिब ओरडला. "मला हे इंजिन काय शोभेला दिलंय?"

"तू गप रे. म्हशींना विचार ते काय आहे."

अबू खय्यून काळजीत पडला. "आणि आमचं बीपी?"

"चाचा, तुमचं बीपी दगडासारखं चांगलं आहे. डॉक्टर सकाळी इथं बसतील, दुपारी तिकडं. पण एका सकाळी एकदाच मोजायचं."

कुणीतरी फिसकन हसलं. शेख हसला नाही. त्यानं तिच्या कोटाकडे बघितलं.

"हे शेण कुणाच्या म्हशीचं?"

"तुमच्या आईच्या."

"दूध दिलं तिनं तुला?"

"नाही दिलं."

आता मात्र शेखची मिशी हलली. "नाहीच देणार. मलाही देत नाही." त्यानं चुलीतले निखारे जरा सारले. मग म्हणला, "माझी एक अट आहे. माझा पाहुणा कहव्याशिवाय बसत नाही. मग तो बोरूच्या छपराखाली बसो नाहीतर चुलीपाशी, बाप्या असो नाहीतर बाई. कहव्याचं भांडं तिकडंही जाईल." आणि मान डोलावून म्हणला, "पी बाई तुझा कहवा. तुझं काम झालं."

नशमियानं पेला उचलला. गार झाला होता. आयुष्यात तिनं एवढा गोड कडू कहवा प्यायला नव्हता, असं ती अजून सांगते.

दुपारी चासिबनं तोंड फुगवून बांबू टेकत होडी मागल्या अंगाला आणली. आवाज म्हणाल तर पाण्याचा चुळुक चुळुक. म्हशींनी एकदा डोळे उघडून बघितलं आणि परत मिटले. बायका चाऱ्याच्या होड्या घेऊन परतत होत्या. चुलीवर भाकरी, बाजूला मासा उभा चिरून भाजायला लावलेला. आणि मधोमध कहव्याचं पितळी भांडं! ते भांडं त्या बाजूला जन्मात कधी आलं नव्हतं. एकीनं प्यायला, तोंड वाकडं केलं, म्हणली, "एवढ्यासाठी बाप्ये दिवस दिवस आत बसतात?"

नशमियानं बोरूच्या चटया उभ्या करून आडोसा केला. आत ती, बाहेर पाठ करून डॉक्टर. ती आतून आकडा सांगायची, तो बाहेरून औषध सांगायचा. बायका आल्या म्हणजे किती आल्या! भाकरी थापता थापता उठून यायच्या, पिठाच्या हातानं बाही वर करायच्या. लेकरांना टोचून झालं की रडण्याचा गलका, आणि लगेच तोंडात साईची बोटं.

तिसवाहनची पाळी आली. नशमियानं आकडा सांगितला. डॉक्टरनं पाठ केलेलीच होती, तरी त्याची मान ताठ झालेली दिसली.

"हिला आजच शहरात न्यायला पाहिजे," तो म्हणला. "बाळ होईपर्यंत तिथंच राहायचं."

"मी नाही येणार," तिसवाहन म्हणली.

"जिवावर बेतेल, पोरी."

"आणि म्हैस? ती दुसऱ्या कुणाच्या हाताखाली उभी राहत नाही. चार दिवस दूध काढलं नाही तर सड सुजतील, मरेल ती."

डॉक्टरच्या पुस्तकात म्हैस नव्हती. नशमियाची तर सकाळीच फजिती झालेली.

म्हातारी उम्म मुतश्शर उठली. हात पुसले. अंगावरची काळी अबाया काढून तिसवाहनच्या खांद्यावर टाकली, आणि तिची, दुधाच्या, घामाच्या, गोवरीच्या वासाची, स्वतः पांघरली. तशीच पाण्यात उतरली. म्हशीनं मान वळवली, वास घेतला, अबायेचं टोक चाटलं.

"बघ," म्हातारी म्हणली. "तिच्या दृष्टीनं तू कुठं गेलीच नाहीस. गाणं तेवढं मला शिकवून जा, माझं जुनं झालं."

तर होडीत बसता बसता तिसवाहन गाणं सांगतेय, आणि शेखची सत्तर वर्षांची आई गुडघाभर पाण्यात उभी राहून ते म्हणतेय. डॉक्टर सिनाननंही दोन ओळी पाठ केल्या म्हणे. वस्ती मागं पडेपर्यंत चासिब बांबूनंच होडी ढकलत गेला. कुणी सांगितलं नव्हतं. मोकळ्या पाण्यात आल्यावर मात्र त्यानं इंजिनाला असा जोर दिला, असा दिला, की शहर पाऊण तासात आलं.

मुलगी झाली. बारीकशी, पण घसा म्हशीसारखा. आई आणि लेक दीड महिन्यानं परत आल्या तेव्हा म्हैस दोघींना आलटून पालटून हुंगत बसली, अबायांचा घोळ तिला काही उलगडेना.

आणि तो कागद? सहाव्या फेरीच्या कागदावर नशमियानं छापलेल्या उत्तरांवर काट मारली. बाजूला हातानं लिहिलं, "आधीच्या पाच फेऱ्यांना बायका आल्या नाहीत, कारण आम्हाला कळत नव्हतं. आता दुपारी भाकरीच्या वेळी जावं, इंजिन बंद ठेवावं, कहवा सोबत असावा." ऑफिसातल्या साहेबानं तो कागद दोनदा वाचला, आणि कहव्यापाशी बराच वेळ अडकला म्हणतात. पण होडी राहिली. अजून येते. बाकीच्या वस्त्यांवर जाण्याआधी आता नशमिया एक दिवस आधी जाते, आणि सगळ्यात आधी विचारते, इथं म्हशी कधी पाण्यात उतरतात?

दूध मात्र तिला अजून एकाही म्हशीनं दिलेलं नाही.

झाली गोष्ट. आता माझं एक ऐका. तुमचा तो पेला केव्हापासून तुमच्या पुढ्यात सतरंजीवर पडलाय, ऐकायच्या नादात तुम्ही ठेवलात, मला माहिताय. पण तो बघा, दाराजवळचा म्हातारा टक लावून बघतोय तुमच्याकडे, आणि शेखही वळला. तेव्हा काही मागायचं असेल तर मोकळेपणी मागा. नसेल, तर देवाच्या नावानं उचला तो, आणि एका घोटात प्या.